फायनल फँटसी सेव्हन रीमेक: मिडगार झकास, भुतं नकोत

इंदूरला रामबागेतल्या घरी धाकट्याचं आणि माझं या गेमवरून अजून जुंपतं. मूळ गेम १९९७ चा, तीन डिस्कचा; आतेभावाच्या प्लेस्टेशनवर आम्ही आळीपाळीने खेळलो. २०२० च्या रीमेकमध्ये मात्र फक्त मिडगार शहर आहे, म्हणजे जुन्या कथेची नुसती सुरुवात. तेवढीच तीसेक तास ताणलीय. हरवलेली मांजरं शोधत हिंडणं तर निव्वळ टाइमपास.

पण फुलं विकणाऱ्या एरिथचं चर्च बघाच! जुन्या गेममध्ये नायक क्लाउडचे हात म्हणजे ठोकळे आणि फुलं म्हणजे ठिपके. आता फुटक्या छपरातून ऊन थेट पाकळ्यांवर उतरतं. मी कंट्रोलर खाली ठेवून नुसता बघत बसलो.

लढाईत धावपळ आहे, तरी एटीबीची, म्हणजे खास चाल करायची वेळ दाखवणारी, पट्टी भरली की वेळ मंदावून निवांत जादू निवडता येते. क्लासिक मोडमध्ये साधे वार पात्रं आपणहून करतात. धाकटा म्हणतो, "दादा, ही काय लढाई झाली?" मला चालली.

खटकली ती नशिबाची राखण करणारी राखाडी भुतं. चांगल्या चाललेल्या प्रसंगात मध्येच घुसतात. सराफ्यात गराडू खाताना हा विषय काढला, की प्लेट गार होते.

धाकट्याने शेवट बघितलाच नाही. मी २०२४ चा पुढचा भाग, रीबर्थ, सुरूही केला.