प्राइम९५ : घरच्या संगणकावर मर्सेन संख्यांची पारख

जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली सुरू केलेल्या ‘जिम्प्स’ या शोधप्रकल्पाचे प्राइम९५ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. घातांक मूळ (१ व स्वतःखेरीज विभाजक नसलेला) असलेल्या २ च्या घातातून १ वजा केल्यावर येणारी संख्या, म्हणजेच मर्सेन संख्या, मूळ आहे की नाही, हे ते संगणकाच्या रिकाम्या वेळात तपासत राहते. गेले काही महिने मी ते वापरतो आहे; गणिताची गोडी असणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे, पण शोध लागेल या आशेने घेऊ नये.

ऑक्टोबर २०२४ मध्ये याच प्रकल्पात ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली संख्या पाहिली म्हणजे कामाचा आवाका कळतो. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ अशी ती असून तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत लिहिली तर नुसती १ ची रांग. एवढ्या अवाढव्य संख्येचे शेवटचे तीन अंक मात्र कागदावर काढता येतात. तिसऱ्या घातापासून पुढे २ च्या घातांचे शेवटचे तीन अंक दर १०० घातांनी तेच येतात, त्यामुळे इथे ४१ वा घात पुरतो. तो २१,९९,०२,३२,५५,५५२ आहे, म्हणजे आपल्या संख्येच्या शेवटी ५५१ येणार.

सॉफ्टवेअरही अशाच गुणधर्मांचा फायदा घेते. अशा संख्येचा मूळ विभाजक असलाच, तर तो घातांकाच्या दुपटीच्या एखाद्या पटीत १ मिळवून येणारा असतो आणि त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते. वरच्या घातांकासाठी पहिलाच उमेदवार २७,२५,५९,६८३. ८ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणून त्याने ती प्रचंड संख्या भागून न पाहताच तो बाद. या चाळणीतून विभाजक सापडला नाही, तरच खरी लांबलचक परीक्षा सुरू होते, आणि साध्या संगणकावर ती कित्येक दिवस चालते.

मला सर्वांत आवडली ती या परीक्षेची विश्वासार्हता. तिच्यात कोट्यवधी अंकी संख्यांचे वर्ग पुन्हा पुन्हा करावे लागतात; ते फूरिए रूपांतर या झटपट गुणाकाराच्या गणिती युक्तीने, फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे अंदाजे दशांशी आकड्यांत, केले जातात. त्यात संगणक कुठेतरी एकदा जरी घसरला तरी निकाल फुकट जातो. म्हणून मध्ये मध्ये रॉबर्ट गर्बिट्झ यांनी शोधलेल्या चूक पकडण्याच्या पद्धतीने पडताळा घेतला जातो, आणि चूक आढळल्यास मागच्या खात्रीच्या टप्प्यापासून काम पुन्हा सुरू होते. शेवटी सोबत एक पुरावाही तयार होतो, ज्यामुळे दुसऱ्या कोणाला सगळी आकडेमोड पुन्हा करावी लागत नाही. निकाल बहुधा ‘मूळ नाही’ असाच येतो आणि विभाजक कोणता, हे कळतच नाही; पण तो नकार भरवशाचा असतो. संगणक जुळवणारे लोक प्रोसेसर आणि मेमरीची कसोटी घ्यायला हेच सॉफ्टवेअर वापरतात, यात काही नवल नाही.

उणिवाही आहेत. खिडकीत पुढे सरकणाऱ्या इंग्रजी ओळींपलीकडे पाहण्याजोगे फारसे काही नाही, आणि नवख्याला कामांचे प्रकार समजायला वेळ लागतो. काम चालू असताना प्रोसेसर तापतो, पंखा घोंघावतो आणि विजेचे बिल वाढते. सॉफ्टवेअर मोफत, वापर नव्हे! शिवाय ड्युरंट यांचा शोध घरच्या प्रोसेसरवर लागलेला नाही. त्यांनी अनेक देशांतल्या डेटा सेंटरमधली ग्राफिक्स कार्डे कामाला लावली होती; डब्लिनमधल्या कार्डावर संख्या बहुधा मूळ असल्याचा पहिला इशारा मिळाला आणि सॅन अँटोनियोतल्या कार्डावर, मर्सेन संख्या मूळ आहे की नाही हे निश्चित ठरवणाऱ्या लुकास-लेमर कसोटीने, त्यावर शिक्कामोर्तब झाले.

लॅपटॉप जुना असेल तर मोठ्या घातांकांची परीक्षा घेऊच नये. लहान घातांकांच्या मर्सेन संख्यांचे विभाजक शोधण्याचे काम निवडावे, कामाला लावलेल्या प्रोसेसरच्या कोअरची (गणन-भागांची) संख्या मर्यादित ठेवावी आणि बॅटरीवर असताना काम थांबेल अशी सेटिंग करून ठेवावी.