जुन्या कॉम्प्युटरला पुन्हा पळतं केलं: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी परिस्थिती सांगतो. घरचा डेस्कटॉप नऊ वर्षांचा, ४ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडून पान दिसेपर्यंत साडेचार मिनिटं, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोजलेली. आई तर बटण दाबून आंघोळीलाच निघून जायची. घरात सगळ्यांचं एकच, "टाकून द्या हा डबा, नवीन घ्या".

मी पहिल्यांदा जे केलं ते चुकलंच. एक फुकटचं क्लीनर सॉफ्टवेअर टाकलं, त्याने हजारभर एरर दाखवल्या, मी पण घाबरून सगळ्या साफ करून टाकल्या. स्पीडमध्ये काडीचा फरक नाही, उलट प्रिंटर दिसेनासा झाला आणि तो परत जोडण्यात अख्खा रविवार गेला. आणि वर ते क्लीनर स्वतःच कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप चालू होऊन बसायला लागलं! रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग लिहून ठेवायची नोंदवही) साफ करून कॉम्प्युटर फास्ट होतो हे डोक्यातून काढून टाका, त्या नोंदी इतक्या बारीक असतात की गेल्या काय नि राहिल्या काय.

मग शेवटी जे आधी करायला हवं होतं ते केलं, कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर (कोण किती राबतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला आणि नुसतं बघत बसलो. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, १५ टक्के, मेमरी ८५ आणि डिस्क १००. सलग १००. गंमत म्हणजे डिस्कचा प्रत्यक्ष स्पीड दाखवत होता सेकंदाला जेमतेम २ एमबी. म्हणजे काम चिमूटभर आणि धावपळ फुल. कारण असं की या डिस्कमध्ये खरीखुरी तबकडी फिरत असते, मिनिटाला ७२०० फेऱ्या, म्हणजे एका फेरीला ८ मिलीसेकंद, आणि वाचणारा काटा इकडून तिकडे सरकायला लागतो तो वेळ वेगळा. सलग मोठी फाईल असेल तर ती नीट वाचते, पण विंडोज चालू होताना हजारो चिल्लर फाईली विखुरलेल्या जागांवरून उचलायच्या असतात, आणि तशा ती सेकंदाला शंभरच्या आतच उचलते, बिचारी काय करणार. एसएसडीत (चिपवर डेटा ठेवणारी नव्या प्रकारची डिस्क) फिरणारं काहीच नसतं, ती तेवढ्याच वेळात हजारोंनी उचलते.

पैसे घालायच्या आधी फुकटात होणाऱ्या दोन गोष्टी केल्या. टास्क मॅनेजरच्याच स्टार्टअप टॅबमध्ये १४ प्रोग्रॅम निघाले, त्यातले ९ डिसेबल केले (चॅटची ॲप, गेमचे लाँचर, प्रिंटरचा शाई मोजणारा, आणि ते क्लीनर तर कायमचंच काढलं). प्रोग्रॅम उडत नाहीत, फक्त न बोलावता येत नाहीत, लागेल तेव्हा उघडायचे. शिवाय एक जुना अँटीव्हायरस मुदत संपून तसाच पडला होता, तोही काढला, विंडोजचा डिफेंडर आहे तेवढा पुरतो. एवढ्याने साडेचारची तीन मिनिटं झाली. ठीक, पण समाधान नाही.

मग २५६ जीबीची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी) एसएसडी घेतली आणि रॅम ८ केली. रॅम घेताना तुमच्या बोर्डाला डीडीआर३ लागते की डीडीआर४ ते आधी बघा, खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही. एसएसडी बसवणं सोपं, एक डेटाची केबल, एक पॉवरची, पण इथे मी एक माती खाल्ली ती तुम्ही खाऊ नका. जुनी डिस्क जोडलेली ठेवूनच मी एसएसडीवर नवीन विंडोज टाकलं, सगळं मस्त चाललं, नंतर सहज जुनी डिस्क काढून बघितली तर कॉम्प्युटर चालूच होईना! बूटच्या, म्हणजे चालू होताना लागणाऱ्या, फाईली विंडोजने जुन्या डिस्कवरच ठेवलेल्या. परत सगळं पहिल्यापासून, या वेळी जुनीची केबल काढून.

निकाल? बटण ते ब्राउझर ३५ सेकंद. आठ महिन्यांनी काल परत मोजलं, ४१. मधल्या काळात स्टार्टअपमध्ये परत चार नवीन पाहुणे घुसलेले, त्यामुळे महिन्यातून एकदा तिकडे डोकवावंच लागतं. रॅमचा फायदा चालू होताना कळला नाही, वीस टॅब उघडून बसणाऱ्या आमच्या कन्येला कळला.

अजून एक, रोज शटडाऊन करूनही टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर अपटाइम (किती वेळ सलग चालू आहे तो आकडा) १९ दिवस दिसत होता. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन पूर्ण होतच नाही, विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट मारा, त्याने खरंच सगळं नव्याने चालू होतं.

मधे उन्हाळ्यात दुपारी परत रखडायला लागला. झाकण उघडलं तर सीपीयूच्या पंख्याखाली धुळीची अक्षरशः गादी. तापला की सीपीयू स्वतःच वेग कमी करतो. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका.

काय नाही सुधारलं ते पण सांगतो. व्हिडिओ एडिटिंग पहिल्याइतकंच रडतं, तिथे प्रोसेसरच म्हातारा आहे. एसएसडी डिफ्रॅग (विखुरलेल्या फाईली एका जागी आणणं) करत बसू नका, उगाच झिजते, तिला लागतं ते ट्रिम (पुसलेल्या फाईलींची जागा मोकळी झाल्याचं तिला कळवणं) विंडोज आपलं आपण करतं. आणि बॅकअप ठेवाच, हार्ड डिस्क जाताना निदान कुरकुर तरी करते, एसएसडी बऱ्याचदा न सांगता जाते. माझे फोटो जुन्या डिस्कवर आहेतच, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर.

सगळ्यात मोठी अडचण मात्र वेगाची नाहीच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला हा प्रोसेसर चालत नाही. म्हणजे पळणारं मशीन, पण अपडेटच्या नावाने बोंब. सध्या लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम) पेनड्राइव्हवरून, काही इन्स्टॉल न करता चालवून बघतोय. ब्राउझर, गाणी, वायफाय पहिल्या झटक्यात चाललं. प्रिंटर अजून जोडून बघितला नाही, प्रिंटरपायी गेलेला तो रविवार आठवतो ना.