स्तनकर्करोगाच्या त्रिमितीय नमुन्यांसाठी आधारपटलाचे जेल: वापरानंतरचा अभिप्राय

सपाट प्लेटवर पेशी मारणारे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) गाठीच्या आकारातल्या पेशींवर कितपत चालते, हे पाहण्यासाठी आम्ही आधारपटलाचे, म्हणजे पेशींच्या थराखाली असणाऱ्या प्रथिनांच्या पातळ पडद्याचे, जेल मागवले. हे जेल उंदरातील एंगलब्रेथ-होल्म-स्वॉर्म गाठीपासून तयार होते आणि त्यात मुख्यतः लॅमिनिन व चौथ्या प्रकारचे कोलॅजन ही प्रथिने असतात. पुरवठादाराचे नाव मुद्दाम टाळले आहे, कारण पुढचे बहुतेक गुणदोष या जातीच्या सगळ्याच जेलमध्ये आढळतात.

तूप थंडीत थिजते, तर हे जेल उबेत थिजते. त्यामुळे कुपी रात्रभर 4 अंशांवर बर्फात ठेवून वितळवावी लागते आणि पिपेटच्या टिपाही (द्रव ओढण्याची टोके) थंड असाव्या लागतात. पहिल्या दिवशी त्या गार करायला मी विसरलो आणि जेल टिपेच्या टोकातच थिजले.

एमसीएफ-7 या स्तनकर्करोगाच्या पेशी न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये आपल्या आपणच घट्ट गोळा बनवतात, त्यांना या जेलची गरज नाही. एमडीए-एमबी-231 या ट्रिपल निगेटिव्ह (दोन संप्रेरकांचे ग्राहक आणि एचईआर2 हे तिन्ही नसलेल्या) पेशींचे मात्र नुसते विस्कळीत पुंजके होतात. माध्यमात सुमारे अडीच टक्के जेल मिसळले की काही दिवसांत त्यांचा नेटका गोळा तयार होतो, आणि माझ्या मते या जेलची किंमत तिथेच वसूल होते.

अडचण सुरू होते ती पेप्टाइड घातल्यावर. आमचे पेप्टाइड धनभारित होते आणि जेलमधील हेपरान सल्फेट ही शर्करासाखळी ऋणभारित असते, त्यामुळे औषधाचा काही भाग पेशींपर्यंत पोहोचण्याआधीच अडकण्याची शक्यता राहते. इंटेग्रिनला (पेशीला आधाराशी जोडणाऱ्या तिच्या पृष्ठभागावरील प्रथिनाला) लक्ष्य करणारे पेप्टाइड असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण इंटेग्रिन ज्याला धरतात ते लॅमिनिनच जेलमध्ये भरपूर असते; अशा चाचणीसाठी मी ॲगरोजचा लेप दिलेल्या प्लेटच निवडेन. शिवाय गोळ्याचा व्यास सुमारे 500 मायक्रोमीटरच्या पुढे गेला की ऑक्सिजन आत पुरेसा पोहोचत नाही आणि गाभा आपोआप मरू लागतो. ते श्रेय पेप्टाइडच्या पदरात पडू नये म्हणून औषध न दिलेला, त्याच वयाचा गोळा आणि त्याच अमिनो आम्लांचा क्रम बदललेले पेप्टाइड, अशी दोन्ही नियंत्रणे सोबत ठेवावीच लागतात. जिवंत पेशी रंगावरून मोजणारी नेहमीची एमटीटी चाचणी इथे फारशी भरवशाची नाही, कारण रंगद्रव्य आतपर्यंत सारखे झिरपत नाही. पेशी फोडून एटीपी (जिवंत पेशीतील ऊर्जेचा रेणू) मोजणे बरे.

खरी तक्रार लॉटबद्दल, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या मालाबद्दल आहे. दुसऱ्या खेपेच्या प्रमाणपत्रावर प्रथिनांची तीव्रता वेगळी होती, गोळेही सैल झाले आणि आधीच्या मात्रांशी तुलना करणे अशक्य झाले. पुढच्या वेळी संपूर्ण मालिकेला पुरेल इतका एकच लॉट राखून ठेवायला सांगेन आणि कुपी आल्याबरोबर लहान भाग करून गोठवेन.