पीडीएफमध्ये ॲब्सेन्स सीझर्सला फेनिटॉइन लिहिलं होतं

एकूण २८,००० रुपये गेले. एकदम गेले असते तर कदाचित वेळीच बोंब मारली असती. ते चार हप्त्यांत गेले, आणि दर वेळी वाटायचं की आधीचे वाया जाऊ नयेत म्हणून एवढे देऊन टाकू. नीट-पीजीची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्यांनी, त्यातही इंटर्नशिप चालू असलेल्यांनी वाचावं म्हणून सगळं लिहितेय. ज्याची लाज वाटते तेही.

डिसेंबर २०२३. माझी सर्जरीची पोस्टिंग चालू होती. रात्री कॅज्युअल्टीत टाके घालायचे, सकाळी वॉर्डात ड्रेसिंग करायची आणि उरलेल्या वेळात १९ विषय. परीक्षा तेव्हा ३ मार्चला होती. कोचिंग ॲपचा व्हिडिओ, क्यूबँक (सरावाच्या प्रश्नांचा साठा) आणि टेस्ट सिरीज असा पूर्ण प्लॅन घ्यायचा तर दोन-तीन महिन्यांचा स्टायपेंड एका फटक्यात जाणार होता. ताईचं लग्न नुकतंच झालं होतं, बाबांकडे मागायचं जिवावर आलेलं. अशात बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी टेलिग्रामची लिंक टाकली: तोच प्लॅन ‘शेअर्ड’, फक्त ६,५००.

शेअर्ड म्हणजे काय हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. दुसऱ्याच्या नावाचं लॉगिन वापरायचं, म्हणजे सरळ चोरीचा माल. पण ‘सगळेच घेतात’ हे वाक्य हॉस्टेलमध्ये पुरेसं असतं. ॲडमिन अगदी अदबीनं बोलायचा. “मॅम, एका आयडीवर चारच जण ठेवतो, क्वालिटी जपतो.” पैसे त्यानं दिलेल्या क्यूआरवर टाकले तेव्हा नाव आलं एका किराणा दुकानाचं. मी दोन सेकंद थांबले आणि पिन टाकला.

लॉगिन चाललं, हे आधी सांगते. पहिले दोन महिने सगळं नीट चालतं, म्हणूनच पुढचं सगळं घडतं. पॅथॉलॉजीचं लेक्चर लावलं की पडद्यावर एक मोबाइल नंबर तरंगत जायचा. खात्याचा मूळ मालक ओळखता यावा म्हणून ही ॲप्स तसा वॉटरमार्क टाकतात. रीड-स्टर्नबर्ग पेशीचे ते घुबडाच्या डोळ्यांसारखे दोन न्यूक्लियस, आणि त्यांच्यावरून सावकाश सरकणारे कुणा परक्या माणसाच्या नंबरचे दहा आकडे. क्यूबँकमध्ये तर रोज गंमत. फार्मॅकचं (औषधशास्त्राचं) मॉड्यूल उघडावं तर ४० पैकी ३१ प्रश्न आधीच सोडवलेले. मी खूण केलेले प्रश्न गायब, भलतेच खूण झालेले. चार जणांचं हे काम नव्हे, हे कळायला हवं होतं. आपलं कुठे चुकतंय हे दाखवणं हाच क्यूबँकचा खरा उपयोग, आणि मला दिसत होत्या पन्नास अनोळखी माणसांच्या चुका. त्यातल्या बहुतेकांची ऑटोनॉमिक (स्वायत्त मज्जासंस्थेची औषधं) कच्ची होती, एवढं मात्र नक्की सांगू शकते.

मग परीक्षेची तारीख हलली. आधी ७ जुलै झाली, मार्चमध्ये पुन्हा बदलून २३ जून. त्यावर ॲडमिनचा मेसेज आला: “मॅम, व्हॅलिडिटी वाढवायला कंपनी चार्ज लावतेय, १,५००.” दिले. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खातं बंद पडलं. एकाच आयडीवर एवढ्या फोनवरून लॉगिन होत असेल तर कंपनी ते बंद करणारच. ॲडमिन म्हणाला, “चार दिवसांत नवीन देतो.” ते चार दिवस अजून संपायचेत.

तक्रार कुणाकडे करणार? कंपनीला काय सांगणार, तुमचा चोरलेला माल नीट चालत नाही म्हणून? या धंद्याचं सगळं बळ इथंच आहे. गिऱ्हाईक स्वतःच चुकलेलं असतं, त्यामुळे ते तोंड उघडत नाही. तो मला फसवत होता हे खरं, पण मला गप्प बसवायला त्याला काहीच करावं लागलं नाही.

२२ जूनच्या रात्री मी नागपूरला लॉजवर होते. पेन्सिल बॉक्स लागत नाही तरी सवयीनं भरलेला, हॉल तिकिटाच्या दोन प्रती काढलेल्या. रात्री दहाच्या सुमाराला बातमी आली, उद्याची परीक्षा पुढे ढकलली. त्याआधी तीनच दिवस यूजीसी-नेट रद्द झाली होती, नीट-यूजीच्या पेपरफुटीचा गदारोळ चालू होता. त्या आठवड्यात कुणी ‘पेपर बाहेर आलाय’ म्हटलं तर विश्वास न ठेवणाराच वेडा वाटला असता. (यूजीसी-नेटचा टेलिग्रामवर फिरलेला तो स्क्रीनशॉट बनावट असल्याचं पुढे सीबीआयच्या तपासात निघालं. पण ते पुढे.)

नवी तारीख मिळाली ११ ऑगस्ट, दोन शिफ्ट. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तोच ॲडमिन नव्या नावानं हजर. भाषा तीच, ‘मॅम’ तेच, नंबर तर त्याच्याकडे होताच. “पेपर आहे. ५,००० टोकन. बाकी परीक्षा झाल्यावर, प्रश्न जुळले तरच.”

या ‘जुळले तरच’वर मी घसरले. आधी सगळे पैसे मागणारा चोर वाटतो, निम्मे नंतर मागणारा व्यवहारी वाटतो. खरं तर त्याला बाकीच्या पैशांची गरजच नसते. टोकन हीच त्याची कमाई, आणि टोकन देणारे शेकड्यांनी असतात. परीक्षा घेणाऱ्या एनबीईएमएसनं आधीच सूचना काढली होती, की असे दावे खोटे आहेत आणि पेपर अजून तयारच झालेला नाही. मी ती वाचली होती. वाचून ‘ते असंच म्हणणार’ असं स्वतःला समजावलं होतं. पैसे टाकले. ‘शिफ्ट कन्फर्म करायला’ हॉल तिकीट मागितलं, तेही पाठवलं. आजही सगळ्यात जास्त पस्तावा त्याचाच होतो.

१० ऑगस्टला रात्री अकराला पीडीएफ आली. २०० प्रश्न, खाली उत्तरं. शिफ्ट दोन असताना पीडीएफ एकच कशी, हे विचारायचं सुचलं नाही. बाराव्या प्रश्नाला ॲब्सेन्स सीझर्ससाठी (काही सेकंद भान हरपणारे फिटचे झटके) पहिल्या पसंतीचं औषध विचारलं होतं, आणि उत्तर लिहिलेलं फेनिटॉइन. थर्ड इयरचं पोरही सांगेल की इथोसक्सिमाइड. फेनिटॉइननं ते झटके उलट वाढू शकतात. मी काय केलं असेल? मला वाटलं, मंडळाच्या उत्तरतालिकेतच चूक असेल! आणि मी फेनिटॉइन पाठ करायला घेतलं. साडेपाच वर्षं डॉक्टरकी शिकलेली बाई रात्री साडेबाराला हे करत होती.

पुढे केएफ रिंगचा, म्हणजे बुबुळाभोवती दिसणाऱ्या कड्याचा, फोटो असलेला प्रश्न आला. त्याच्या तिसऱ्या पर्यायात स्पेलिंगची एक चूक होती. ती चूक माझ्या ओळखीची होती, कारण बंद पडलेल्या त्या क्यूबँकमध्ये मी तिला हसले होते. पोटात गोळा आला. अख्खी पीडीएफ तिथूनच उचललेली होती, कोपऱ्यातला लोगो पांढऱ्या पट्टीनं झाकला होता. तोवर दोन वाजले होते आणि सकाळी नऊची शिफ्ट.

परीक्षेत ४०-४० प्रश्नांचे पाच भाग, प्रत्येकाला ४२ मिनिटं. वेळ संपली की मागे जाता येत नाही. दुसऱ्या भागातच मी पेंगत होते. पीडीएफमधला एकही प्रश्न जसाच्या तसा आला नाही. विषय जुळले काही, पण १९ विषयांतले कुठलेही २०० ठरावीक प्रश्न घेतले तर काही विषय जुळणारच.

संध्याकाळी चॅनेलवर जल्लोष. ‘१४० मॅच!’ आणि पुरावा म्हणून १० ऑगस्टच्या तारखेची पोस्ट, तिच्यात त्या दिवशीच्या परीक्षेत खरोखर आलेले प्रश्न. हे कसं करतात ते नीट लक्षात ठेवा. टेलिग्रामच्या चॅनेलवर ॲडमिनला जुनी पोस्ट नंतर बदलता येते आणि तिची मूळ तारीख तशीच राहते. आदल्या दिवशी काहीतरी टाकून ठेवायचं, परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून सांगितलेले प्रश्न त्यात भरायचे, आणि ‘एडिटेड’ हा शब्द कापून स्क्रीनशॉट फिरवायचा. पुढच्या वर्षीच्या गिऱ्हाइकांसाठी जाहिरात तयार.

मला वेगळा मेसेज होता. माझंच हॉल तिकीट, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, आणि खाली: नवा कायदा आलाय, पेपर घेतला म्हणून जेल होईल, १५,००० टाका. पेपरफुटीविरोधातला केंद्राचा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला होता, त्यात तीन ते पाच वर्षांची कैद आहे, एवढंच मला माहीत होतं. तो कायदा पेपर फोडणाऱ्या-विकणाऱ्या टोळ्यांसाठी आहे आणि परीक्षार्थीवर कारवाई होते ती परीक्षेच्या नियमांनुसार, हे मी नंतर वाचलं. त्या संध्याकाळी नाही वाचलं. १५,००० टाकले.

दोन दिवसांनी पुन्हा २०,००० मागितले तेव्हा दादाला फोन केला. तो रागावला नाही, फक्त म्हणाला, “आधी १९३० लाव, रडणं नंतर.” सायबर फसवणुकीचा हा नंबर. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर समोरच्या खात्यात ते गोठवता येतात. दोन दिवसांत मात्र ते चार खाती फिरून एटीएममधून बाहेर पडलेले असतात. माझे ३,२०० अडकवले गेले, तेवढेच. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर लागतो, म्हणून चॅट डिलीट करू नका. मी लाजेपोटी अर्धे केले होते. पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारलं, “पेपर घेतला होता का?” मी “हो” म्हणाले. त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं आणि पुढचा यूटीआर विचारला. पुन्हा धमकी आली ती मी ब्लॉक केली. बाकी काही झालं नाही.

ऑगस्ट संपता संपता मी त्या तरंगणाऱ्या नंबरवर फोन केला. महिनोन् महिने बघून तो पाठ झाला होता. पलीकडे एक मुलगा होता, माझ्याच वर्षाचा, दुसऱ्या राज्यातला. नोव्हेंबरमध्ये त्याला ‘प्लॅन अपग्रेड’चा फोन आला होता, त्यानं ओटीपी सांगितला, आणि त्याच्या खात्यातून त्यालाच बाहेर काढलं गेलं. त्यानं पूर्ण पैसे भरले होते, घरच्यांनी कर्ज काढून. मी कोण, ते सांगितलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग विचारलं, “माझ्या मेडिसिनच्या नोट्स त्यात सेव्ह होत्या. तुम्हाला दिसत होत्या का?”

दिसत होत्या. मी त्याच वाचल्या होत्या.