योजना ठरवायचीय, पण पुरावा कुठला धरायचा: ट्रायल, रेकॉर्ड, लोकांचं म्हणणं की रिव्ह्यू?

एखादी योजना आणायची की नाही हे ज्यांना ठरवायचंय त्यांच्या टेबलावर साधारण हे चार प्रकार येतात आणि प्रत्येकवाला म्हणतो माझंच खरं. मला विचाराल तर आधी आपल्याला नक्की काय कळायला हवंय ते बघा.

रँडमाइज्ड ट्रायल म्हणजे चिठ्ठ्या टाकून काहींना योजना द्यायची, काहींना नाही, आणि फरक मोजायचा. फरक योजनेमुळेच पडला का, हे कळायला याच्याइतकं पक्कं काही नाही. पण ते उत्तर तिथलं असतं! अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून असा प्रयोग झाला, वर्गात फक्त १३ ते १७ मुलं ठेवली तर ती जास्त चांगली शिकली. मग कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये राज्यभर एकदम वर्ग लहान करायला घेतले, आता एवढे शिक्षक आणायचे कुठून, तर पात्रता नसलेले पण भरले, खोल्या कमी पडल्या, आणि टेनेसीसारखा स्पष्ट फायदा काही दिसला नाही. ट्रायल खोटी नव्हती हो, फक्त शिक्षक पुरतील का हे ती सांगणारच नव्हती.

ते सांगतं सरकारी रेकॉर्ड. स्वस्त, वर्षानुवर्षांचं, पदं किती रिकामी ते लगेच कळतं. पण जे ऑफिसपर्यंत पोचलेच नाहीत ते त्यात नसतात, त्यामुळे अर्ज कमी म्हणजे गरज कमी असं धरलंत तर फसाल. आणि ज्या आकड्यावर कुणाचं प्रमोशन अवलंबून आहे तो जरा तपासूनच घ्या.

लोकांशी बोलणं हे "नुसते किस्से" म्हणून उडवतात ते मला पटत नाही. बांगलादेशात १९९५ मध्ये सुरू झालेल्या पोषण प्रकल्पात आयांना समजावण्यावर भर होता, पण बऱ्याच घरांत बाजार पुरुष करत होते आणि जेवणाचं सासूबाई ठरवत होत्या. घरात दोन तास बसलं की हे कळतं. फक्त त्यावरून टक्केवारी काढू नका.

रिव्ह्यू, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणं, सुरुवातीला हेच बघा. मुलांना तुरुंग दाखवून घाबरवायचे कार्यक्रम ऐकायला भारी वाटतात, रिव्ह्यूत दिसलं की गुन्हे उलट वाढतात. अर्थात आतले अभ्यास कच्चे असतील तर रिव्ह्यूही कच्चा.

आणि कुठलाही प्रकार असो, मूळ डेटा बघायला मिळतो का ते विचारा. २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला, कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या मलेरियाच्या औषधाबद्दलचा मोठा अभ्यास काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, कारण डेटा तपासायलाच दिला नाही, आणि मधल्या काळात त्याच्यामुळे डब्ल्यूएचओने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग काही दिवस थांबवला पण होता.

हातात आठवडाच असेल तर रिव्ह्यू, आपलं रेकॉर्ड आणि थोड्या लोकांशी बोलणं, बास. वर्षभर असेल आणि योजना तशीही टप्प्याटप्प्यानेच जाणार असेल तर पहिला नंबर कुणाचा ते चिठ्ठीने ठरवा, वेगळ्या ट्रायलची गरजच नाही. मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा या गरीब कुटुंबांना रोख पैसे देणाऱ्या योजनेत तेच केलं, ५०६ वस्त्या घेतल्या, ३२० ना आधी पैसे, १८६ ना नंतर.