वाड्याच्या सागवानाचं चिमणाळं: भवानी पेठेतल्या सुतारकाकांचं काम

आमचा सदाशिव पेठेतला वाडा २०१९ मध्ये पाडला, तेव्हा कडीपाटाच्या चार फळ्या आणि माजघराच्या दाराची एक झडप मी हट्टानं ठेवून घेतली होती. यंदा लेकीचे दिवस भरत आले आणि वाटलं, बाळाच्या खोलीत हेच लाकूड हवं. भवानी पेठेत लाकूडबाजाराच्या मागच्या गल्लीत एक सुतारकाका जुन्या सागवानाचंच काम करतात. त्यांच्याकडून पाळण्यावर टांगायचं लाकडी चिमण्यांचं चिमणाळं, खुंट्यांची फळी आणि उंची मोजायची पट्टी करून घेतली. मजुरी ७,२०० रुपये, लाकूड आमचं.

पहिल्याच भेटीत त्यांनी दाराची झडप बाजूला ठेवली. हिरवा तेलरंग, थरावर थर. "ताई, हे बाळाच्या खोलीत नको. जुन्या रंगात शिसं असतं, घासलं की भुकटी उडते." त्याआधी एका दुकानात विचारलं होतं, तिथे 'घासून पॉलिश मारून देतो' एवढंच उत्तर मिळालं होतं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. आमच्या दाराचा रंग तर माझ्या लहानपणचा. हातातलं काम सोडून खरं सांगणारा माणूस मला तिथेच पटला.

कडीपाटाला रंग कधी लागलाच नव्हता, नुसता चुलीच्या धुरानं काळा पडलेला. काकांनी आधी लोहचुंबक फिरवून अकरा खिळे काढले, मग रंधा मारला. दुसऱ्या-तिसऱ्या हातालाच काळ्याखालून पिवळसर सोनेरी सागवान निघालं आणि वास असा आला की मला आमचं माजघरच आठवलं. खिळ्यांच्या भोकांभोवती लोखंडानं पडलेले काळे डाग त्यांनी खुंट्यांच्या फळीवर मुद्दाम राखले. कडा मात्र बोट फिरवून फिरवून गोल केल्यात, कुठे कूस म्हणून लागत नाही. वरून फक्त जवसाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण.

चिमणाळ्यात एक चूक झाली होती. पाच चिमण्या, प्रत्येकीचं पंख-शेपूट सुबक, पण पाठीतून एकाच दोऱ्यावर उभ्या टांगलेल्या. येणारे-जाणारे कौतुक करायचे. मी एकदा पाळण्याशेजारी जमिनीवर आडवी होऊन वर पाहिलं, तर दिसल्या नुसत्या पाच कडा, प्रत्येकी आठ मिलिमीटरच्या. ज्याच्यासाठी केल्या त्यालाच चिमणी दिसत नव्हती! फोन केला तर काका दुसऱ्या दिवशी घरी आले, पंखांना दोन-दोन भोकं पाडून चिमण्या आडव्या टांगल्या, वर पैसे घेतले नाहीत. आता बाळ टक लावून बघतं.

तक्रार एकच, वेळ. जवसाचं तेल वाळायला दिवस लागतात, ते आधी सांगायला हवं होतं. खुंट्यांची फळी बारशानंतर आठ दिवसांनी आली. तुम्ही जाणार असाल तर दोन महिने हातात ठेवा आणि बिनरंगाचंच लाकूड न्या. चिमणाळं टांगायचा आकडा त्यांनी सहज निघेल असा दिलाय. बाळ हातागुडघ्यांवर उठायला लागलं की ते उतरवून ठेवायचं, हेही त्यांनीच बजावलं.