दस्तलेखनासाठी लिब्रेऑफिस: मागच्या दिवाळीपासूनचा वापर आणि वाया गेलेले स्टॅम्पपेपर

लिब्रेऑफिस म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखंच, पण फुकटचं. फीचर्सची यादी देत नाही. रायटर मजकुरासाठी, कॅल्क हिशेबाच्या तक्त्यांसाठी, एवढं पुरे. माझं काम तहसील कचेरीसमोर दस्त लिहिण्याचं. खरेदीखत, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र. मजकूर मराठीत, मधेच पॅन नंबर आणि इंग्रजी नावं, आणि पहिलं पान बहुतेक वेळा स्टॅम्पपेपरवर. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे.

आमच्या कॉम्प्युटरवाल्याने दुकानातल्या तिन्ही मशीनवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस 'टाकून दिलं' होतं. एका सोमवारी वर लाल पट्टी आली. फाइल उघडते, प्रिंट निघते, पण एक अक्षर बदलता येत नाही. समोर पक्षकार बसलेले, एक साक्षीदार पुण्याहून रजा काढून आलेला, आणि दुरुस्ती काय, तर गट नंबरातला एक आकडा. फोन केला तर म्हणतो, "काका, पाचशे द्या, नवीन लायसन्स-की टाकतो." मागच्या वर्षीही हेच म्हणाला होता. म्हटलं, आता तुझी कीही नको आणि तूही नको.

मग सरळ मार्गाने विकत घ्यायचं ठरवून भाव बघितला. २०२५ च्या सुरुवातीला पेड (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या) ऑफिसच्या एकट्या माणसाच्या घरगुती योजनेचं वर्षाचं भाडं ४,८९९ वरून ६,८९९ झालं, कारण काय तर आत एआय घातलंय. चतुःसीमा लिहायला मला एआय कशाला? पूर्वेस कोण आणि पश्चिमेस कोण हे सात-बारा आणि शेजारचा शेतकरी सांगतो. शिवाय धंद्यासाठीची योजना वेगळी आणि तीही माणशी. शेवटी एका मशीनवर रीतसर लायसन्स घेतलं. उरलेली दोन भाच्याने फॉरमॅट केली, नवी विंडोज चढवली आणि लिब्रेऑफिस टाकलं. हे धंद्यासाठी वापरलं तरी फुकटच आहे, लायसन्समध्येच तशी मोकळीक आहे.

पहिला आठवडा संतापात गेला.

स्टॅम्पपेपरचा वरचा भाग छापील असतो, मजकूर त्याच्या खाली सुरू होतो. आमच्याकडच्या जुन्या फाइलींत त्यासाठी नुसते एंटर मारलेले आहेत, ही टायपिंगवाल्यांची पिढीजात पद्धत. लिब्रेऑफिसमध्ये तीच फाइल उघडून प्रिंट दिली तर 'लिहून देणार' सरकून थेट मुद्रेवर चढलं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून बऱ्याच दस्तांना १०० ऐवजी ५०० चा स्टॅम्प लागतो, म्हणजे एका चुकार ओळीची किंमत पाचशे रुपये, आणि ती पक्षकाराकडून मागता येत नाही. असे दोन कागद गेल्यावर मी भाच्याला म्हटलं, फुकटचं चांगलंच महाग पडतंय, काढून टाक हे.

त्यात फाँटचा घोळ. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, त्यामुळे लिहिणारही इथेच जास्त. लिब्रेऑफिस इंग्रजीला एक फाँट ठेवतं आणि देवनागरीसारख्या लिप्यांना दुसरा. साइझसुद्धा दोन. वरच्या पट्टीत तुम्ही १४ केलंत, पण त्या क्षणी कीबोर्ड इंग्रजीवर असेल तर १४ इंग्रजीला लागतो. नंतर मराठी टाइप करा, अक्षर जुन्याच साइझचं. टायपिंगला येणारी मुलगी वैतागून म्हणाली, "काका, मी चौदा केलंय, हे बाराच दाखवतंय, माझी काय चूक?" चूक नव्हतीच तिची. आकड्यांचीही तीच तऱ्हा. आकडा आधीच्या शब्दाच्या मागे जातो. मराठी शब्दानंतर आला तर मराठी फाँटचा, पॅन नंबरात आला तर इंग्रजी फाँटचा. एकाच ओळीत दोन तोंडवळ्यांचे आकडे बघून एक वकीलसाहेब म्हणाले, "हे नंतर खाडाखोड केल्यासारखं दिसतंय हो." दस्तावर असं दिसणं परवडत नाही.

मला वाटतं या प्रोग्रॅमची मराठीतली निम्मी बदनामी या एका गोष्टीने होत असणार. इलाज आहे, पण तो आपण होऊन कोणी सांगत नाही. वरच्या पट्टीला हातच लावायचा नाही. डीफॉल्ट पॅरेग्राफ स्टाइल उघडायची, तिथे वेस्टर्न (इंग्रजीसाठी) आणि सीटीएल (देवनागरीसारख्या लिप्यांसाठी) असे दोन वेगळे भाग आहेत, दोन्हींत फाँट आणि साइझ एकदाच भरायची. सीटीएलचा भाग दिसत नसेल तर भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर टिक करायची. मी दोन्हींकडे एकच देवनागरी फाँट टाकला, ज्यात इंग्रजी अक्षरंही आहेत. आकडे एका वळणाचे झाले. मग ती फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करून डीफॉल्ट केली. त्या दिवसापासून मुलीची तक्रार नाही.

आता स्टॅम्पपेपरवर परत येतो, कारण तिथे माझं मत फिरलं. तीच जुनी फाइल मी पैशाच्या ऑफिसवाल्या मशीनवर उघडली. तिथेही 'लिहून देणार' मुद्रेवर! ते मशीनही नव्या विंडोजचंच. म्हणजे भानगड प्रोग्रॅमची नव्हतीच, फाँटची होती. जुन्या फाइली मंगल या फाँटमध्ये आहेत. विंडोज १० पासून मंगल सरसकट आत येत नाही, ऐच्छिक देवनागरी फाँटांच्या गठ्ठ्यात ठेवलाय, मागितला तरच मिळतो. तो नसला की त्याच्या जागी निर्मला हा फाँट येतो. मंगलच्या ओळीला वरखाली ऐसपैस जागा लागते, निर्मलाला कमी, म्हणून सगळा मजकूर वर सरकला. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समधून गठ्ठा उतरवला आणि दोन्हीकडे ओळी जवळजवळ जागेवर आल्या. लिब्रेला दिलेल्या शिव्या परत घेतल्या, फाँटच्या घोळाबद्दलच्या सोडून.

आणि खरं सुख पुढेच होतं. लिब्रेमध्ये पानाचीही स्टाइल असते. 'फर्स्ट पेज' घ्यायची, स्टॅम्पपेपरची मुद्रा पट्टीने मोजून तेवढा वरचा समास सोडायचा, पुढचं पान आपोआप साध्या समासाचं. एंटर मारणं बंद. मजकूर वाढो, कमी होवो, पहिली ओळ मुद्रेखालीच. पेड ऑफिसमध्ये हेच करायला सेक्शन ब्रेक घालावा लागतो आणि तो कोणीतरी नेमका डिलीट करतं. त्यानंतर एकही कागद मजकूर सरकल्यामुळे गेलेला नाही. (शाई सांडून एक गेला, त्याला कोणतंच ऑफिस काय करणार.)

बाकीचं थोडक्यात. लिहून देणाराचं नाव व्हेरिएबल फील्डमध्ये ठेवलं की एका ठिकाणी बदललं तरी सगळ्या दस्तात बदलतं. सासूचं नाव सुनेच्या जागी राहून जाण्याचे प्रकार थांबले. कॅल्कमध्ये #,##,##0 असा फॉरमॅट दिला की लाख-कोटीचे स्वल्पविराम बरोबर पडतात. पीडीएफ थेट निघते, पक्षकाराला व्हॉट्सॲपवर पाठवायला तीच बरी, फाँट तिच्या आतच जातो. वकिलांकडून ट्रॅक चेंजेस केलेल्या, म्हणजे दुरुस्त्या वेगळ्या दाखवणाऱ्या फाइली येतात, त्या नीट उघडतात आणि नीट परत जातात. दुकानातल्या जुन्या पेजमेकरच्या (पानं मांडायचा जुना प्रोग्रॅम) फाइलीही लिब्रेच्या ड्रॉ या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या. मांडणी विस्कटते, आणि जुना फाँट नसेल तर अक्षरांचा कचरा दिसतो, पण फाइल उघडते हेच मला नवल वाटलं.

न जमणारंही आहे. एका बिल्डरकडून फ्लॅटच्या हिशेबाची मॅक्रोवाली (आत आपोआप चालणाऱ्या आज्ञा भरलेली) एक्सेल शीट येते, ती कॅल्कमध्ये अर्धवट चालते. तिच्यासाठीच ते लायसन्सवालं मशीन ठेवलंय. एकच मजकूर अनेक नावांनी काढणारं मेल मर्ज आहे, पण आधी डेटाबेस जोडा मग फील्ड ओढा, इतक्या वेळात मी दहा नोटिसा हाताने करतो. आणि डॉक्सएक्समध्ये (वर्डच्या फाइलीचा प्रकार) सेव्ह करताना दर वेळी 'हाच फॉरमॅट ठेवू का' असं विचारतं. त्या खिडकीतच पुन्हा विचारू नको म्हणायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी वापरा.

"ओपनऑफिस टाकू का?" असं दोघांनी विचारलं. नका टाकू. २०१० मध्ये त्यातूनच लिब्रेऑफिस फुटून निघालं आणि कामाचा जोर इकडे आला. ओपनऑफिस डॉक्सएक्स उघडतं, पण त्यात सेव्ह करत नाही. वकिलाला काय पाठवणार?

पेड लायसन्सचं नूतनीकरण आलं की बिल्डरला सांगणार आहे, शीट मॅक्रोशिवाय पाठवा, नाहीतर वर्षाचं भाडं तुमच्या बिलात धरतो. आणि तुम्ही टाकणार असाल तर लिब्रेऑफिसच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. विंडोजच्या स्टोअरमध्येही ते आहे, पण तिथे पैसे पडतात. प्रकल्पाला मदत म्हणून द्यायचे असतील तर खुशाल द्या, मी मात्र साइटवरूनच घेतलं.